सह्याद्रीच्या पावसात टिकणारं जॅकेट

जुलै-ऑगस्टात जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या कड्यावर उभं राहिलं, की पाऊस वरूनच पडतो हा समज फार वेळ टिकत नाही. कोकणातून चढून येणारा पश्चिमेचा वारा कड्यावरून खाली निघालेली धार मध्येच उचलतो आणि पुन्हा माथ्यावर भिरकावतो. हा उलटा धबधबा बघायला शनिवार-रविवारी गर्दी लोटते आणि त्या गर्दीतले बरेचसे रेनकोट थोड्याच वेळात हार मानतात. पाणी घेरातून वर शिरतं, बाह्यांतून कोपरापर्यंत जातं, हनुवटीखालून छातीवर उतरतं. कापडातून मात्र एक थेंबही आत आलेला नसतो.

दुकानात सगळी चर्चा चालते ती या कापडाचीच. ते किती ‘वॉटरप्रूफ’ आहे, किती हजारांचं आहे, त्यातून घाम बाहेर जातो का. हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण ज्या जॅकेटांच्या लेबलांवर हे आकडे छापलेले असतात, त्यांतली बरीच थंड आणि कोरड्या हवेच्या डोंगरांसाठी घडवलेली आहेत. सह्याद्रीतला पावसाळी ट्रेक म्हणजे वीस-बावीस अंशांची कोमट हवा, शंभरीला टेकलेली आर्द्रता, करवंदीच्या जाळ्या, शेवाळलेला कातळ आणि तासन् तास न थांबणारी सर. इथे जॅकेटची परीक्षा वेगळी असते, आणि ती पावसाळ्यानंतर कपाटातही चालू राहते.

आधी ते आकडे समजून घेऊ. ‘५,००० मिमी’, ‘१०,००० मिमी’ असं लिहिलेलं असतं त्याचा पावसाच्या मिलिमीटरशी काही संबंध नाही. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तेव्हा दहा हजारांचं जॅकेट दीड वर्ष पुरेल, असा हिशेब कोणी मांडू नये. ही पाण्याच्या स्तंभाची उंची आहे. प्रयोगशाळेत कापडाचा तुकडा पकडीत आवळून बसवतात, एका बाजूने पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब उमटले, की त्या क्षणीचा दाब नोंदवतात. दहा हजार म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब त्या कापडाने सोसला.

पडत्या पावसाचा दाब याच्या जवळपासही जात नाही. दाब येतो तो माणसाच्या वजनातून. सत्तर किलोचा ट्रेकर ओल्या कातळावर टेकला आणि त्याचं वजन साधारण चारशे चौरस सेंटिमीटरवर पडलं असं धरलं, तर तो दाब पावणेदोन मीटर पाण्याइतका होतो. गुडघा टेकून चढताना तेच वजन बोटभर रुंदीच्या जागेवर येतं आणि दाब कितीतरी पटींनी वाढतो. सॅकचे पट्टे खांद्यावर दाबतात आणि घासतातही. म्हणून पॅन्टला जास्त आकडा लागतो, जॅकेटला त्यामानाने कमी. सह्याद्रीतल्या एक-दोन दिवसांच्या भटकंतीसाठी पाच ते दहा हजारांचं जॅकेट पुरेसं असतं. वीस हजारांसाठी दुप्पट पैसे मोजले, तरी नाणेघाटात पाणी घेरातून शिरायचं ते शिरणारच.

‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं विंडचीटर मात्र या चर्चेतच बसत नाही. ते शहरात स्टेशनपासून ऑफिसपर्यंत ठीक आहे.

आता घामाकडे वळू. गोष्ट जुनी आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने 1823 मध्ये कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थात रबर विरघळवलं, ते दोन कापडांच्या मध्ये भरलं आणि जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. त्या कोटातून पाऊस आत येत नव्हता, पण घामही बाहेर जात नव्हता. शिवाय थंडीत तो कडक व्हायचा आणि उन्हाळ्यात चिकट. रबर गंधकासोबत तापवण्याची युक्ती पुढच्या दोन दशकांत सापडली आणि कडकपणा-चिकटपणा आटोक्यात आला, पण घाम होता तिथेच राहिला. कोलकात्यात 1920 मध्ये सुरेंद्रमोहन बोस यांनी उभ्या केलेल्या बेंगॉल वॉटरप्रूफचे ‘डकबॅक’ रेनकोट भारतात घरोघरी पोहोचले. तो रबरी वास आणि आतली घुसमट जुन्या पिढीला आठवत असेल.

यावरचा तोडगा 1969 मध्ये अमेरिकेत निघाला. बॉब गोर हा रसायनतज्ज्ञ पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं तेच टेफ्लॉन, तापवून हळूहळू ताणू पाहत होता आणि कांड्या तुटत होत्या. वैतागून त्याने एक कांडी जोरात हिसकली, तर ती न तुटता कितीतरी पट लांबली. ताणलेल्या पदार्थाचा सुमारे सत्तर टक्के भाग हवा होता. त्यातली सूक्ष्म छिद्रं पाण्याच्या थेंबाला फार लहान आणि वाफेच्या रेणूला भरपूर मोठी. त्यापासून बनलेलं ‘गोर-टेक्स’ 1976 मध्ये बाजारात आलं. आज ‘श्वास घेणारं जॅकेट’ म्हणून जे काही विकलं जातं, त्यात एकतर असा पातळ पडदा असतो, नाहीतर पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा लेप.

या श्वासालाही एक आकडा आहे. ‘१०,००० ग्रॅम’ म्हणजे एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत दहा हजार ग्रॅम वाफ गेली. तासाला हे सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास येतं. जॅकेटचं कापड सव्वा ते दीड चौरस मीटर धरलं, तर ताशी अर्धा लिटरपेक्षा थोडं जास्त. कळसूबाईच्या शिड्या सॅक घेऊन चढणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो. म्हणजे कागदावरचा हिशेबसुद्धा अर्ध्यावरच अडतो.

आणि तो कागदावरचा असतो. हा आकडा काढण्याच्या एका जपानी पद्धतीत कापडापलीकडे ओलावा ओढून घेणारा क्षार ठेवतात. तिथे वाफ धावत सुटते. दुसऱ्या पद्धतीत तेच कापड निराळा आकडा दाखवतं, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची सरळ तुलना करण्यात अर्थ नसतो. मुख्य मुद्दा असा, की वाफ बाहेर जाते ती आत जास्त आणि बाहेर कमी असते म्हणून. लडाखच्या कोरड्या थंडीत हा फरक मोठा असतो आणि तिथे महागडं पडद्याचं जॅकेट आपली किंमत वसूल करून देतं. पण हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर ढगातून चालताना बाहेरची हवाच वाफेने गच्च भरलेली असते. घामाला बाहेर ओढणारा जोर तिथे बराच घटतो. त्यात कापडाचा वरचा थर पाणी पिऊन बसला, की उरलेली वाटही बुजते. मग ट्रेकर आतून भिजतो आणि ‘जॅकेट गळतं’ म्हणून ते परत करायला दुकानात जातो.

या हवेत माणसं शतकानुशतकं काम करत आली आहेत. त्यांनी पावसाला काय उत्तर शोधलं होतं, ते पाहण्यासारखं आहे. कोकणात आणि मावळात लावणीच्या वेळी डोक्यावरून पाठीवर घ्यायचं इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात पळसासारख्या रुंद पानांचे थर. वाकून काम करणाऱ्या बाईची पाठ त्याने पूर्ण झाकली जाते, दोन्ही हात मोकळे राहतात आणि पुढची बाजू सताड उघडी. अंगाला चिकटणारं काही नाही, म्हणून घामाची अडचण नाही. आता पानांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला आहे, आकार तोच आहे. धनगरांची घोंगडीची खोळ तर पाऊस पूर्ण अडवण्याच्या भानगडीतच पडत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही आणि भिजल्यावरही ऊब धरून ठेवते. एकाने हवा खेळती ठेवली, दुसऱ्याने भिजणं गृहीत धरून ऊब राखली. सह्याद्रीसाठी जॅकेट निवडताना हीच दोन सूत्रं उपयोगी पडतात.

म्हणून कापडाच्या श्वासाच्या आकड्यापेक्षा काखेतली चेन महत्त्वाची. कोपराच्या वरपासून बरगडीपर्यंत जाणारी लांब चेन उघडली, की एका मिनिटात जेवढी वाफ बाहेर पडते तेवढी पडद्यातून पडायला बराच वेळ लागतो. चढावर ती उघडी ठेवावी, कड्यावर वाऱ्यात बंद करावी. ती सॅक न उतरवता एका हाताने सरकते का, हे दुकानातच करून पाहावं. जाळीच्या अस्तराचे खिसे असतील, तर तेही उघडल्यावर हवा घेतात. कापड थोडं कमी ‘श्वास घेणारं’ असलं तरी चालेल, या चेना मात्र हव्यात.

दुसरी गोष्ट शिवण. सुई जिथे जिथे कापडातून गेली तिथे भोक आहे, आणि एका जॅकेटवर अशी हजारो भोकं असतात. ती आतून उष्णतेने चिकटवलेल्या पट्टीने झाकतात. काही स्वस्त जॅकेटांत ही पट्टी फक्त खांद्यांवर आणि टोपीवर असते. बाकीच्या शिवणी उघड्या. जॅकेट उलटं करून काख, खिसे आणि घेर इथल्या शिवणींवरून बोट फिरवलं, की पट्टी आहे की नाही ते कळतं. पट्टीच्या कडा उचललेल्या असतील किंवा खाली हवेचे फुगे असतील, तर ते जॅकेट दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत जाणार नाही. जाडजूड, चकचकीत रबरी चेनही पूर्ण जलरोधक नसते. तिच्यावर किंवा तिच्यामागे कापडाची एक पट्टी हवीच.

मग टोपी. दुकानात तिच्याकडे कोणी बघत नाही आणि डोंगरात सगळ्यात जास्त शिव्या तिलाच पडतात. डोकं डावीकडे वळवल्यावर टोपीही वळली पाहिजे, नाहीतर अर्धा रस्ता कापडाकडे बघत कापावा लागतो. पुढे ताठ छज्जा हवा, मागे आवळायची दोरी हवी, आणि चेन ओठांपर्यंत वर यायला हवी. बाह्यांना वेल्क्रोची पट्टी असेल तर हात वर करून खोबणी धरताना पाणी कोपरापर्यंत जात नाही. दोन्ही हात सरळ वर करावेत. घेर कमरेच्या वर सरकला तर माप लहान आहे. घेराला आवळायची दोरी नसलेलं जॅकेट वाऱ्याच्या कड्यावर शिडासारखं फुगतं. पोंचोचं तर विचारूच नका. गावात आणि सपाट वाटेवर तो फार सोयीचा, सॅकही झाकतो, पण अरुंद धारेवर वाऱ्याने तो डोळ्यांवर आला की जिवावर बेततं.

कापडाच्या ताकदीबद्दल बोलताना ‘डेनिअर’ हे माप येतं. धाग्याचं ते वजन असतं. आकडा मोठा, धागा जाड. वीस-तीस डेनिअरची पिसासारखी हलकी जॅकेटं धावणाऱ्यांसाठी आणि हिमालयात वजन वाचवणाऱ्यांसाठी चांगली. करवंदीच्या काट्यांत आणि दोराला धरून कातळावर घसरताना त्यांचा निभाव लागत नाही. सह्याद्रीसाठी चाळीस ते सत्तर डेनिअरचं नायलॉन बरं, कारण घासण्यापुढे नायलॉन पॉलिस्टरपेक्षा जास्त टिकतं. कापडात बारीक चौकड्यांची वीण असेल तर एक फाटलेलं भोक पुढे पसरत नाही.

थरांचंही असंच. दोन थरांच्या जॅकेटात पडदा बाहेरच्या कापडाला चिकटलेला आणि आत सुटं जाळीचं अस्तर असतं. स्वस्त आणि अंगाला बरं, पण जड आणि उशिरा वाळणारं. अडीच थरांत अस्तराच्या जागी नुसती छपाई असते; हलकं, पण घामात हाताला चिकटतं आणि आतून लवकर झिजतं. तीन थरांत तिन्ही एकमेकांना चिकटलेले असतात. ते सगळ्यात टिकाऊ आणि सगळ्यात महाग. नामवंत कंपनीच्या जॅकेटची किंमत सहज पंधरा-वीस हजारांवर जाते. वर्षातून चार-पाच पावसाळी ट्रेक करणाऱ्याला त्याची गरज नाही. काखेत चेन आणि सगळ्या शिवणींवर पट्टी असलेलं दोन थरांचं जॅकेट याच्या पाव किमतीत मिळू शकतं.

मात्र कितीही पैसे मोजले तरी एक थर सगळ्यांचाच तात्पुरता असतो. नव्या जॅकेटवर पाणी टाकलं की थेंब घरंगळून जातात, ती किमया पडद्याची नाही. कापडाच्या बाहेरच्या अंगाला लावलेल्या रसायनाची आहे. सॅकचे पट्टे, चिखल, अंगाचं तेल यांनी ते झिजतं आणि कापड पाणी पिऊ लागतं. त्यासाठी आजवर वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत. त्यांतल्या पीएफओए या रसायनाचा 2019 मध्ये स्टॉकहोम करारात समावेश झाला आणि कॅलिफोर्नियाने 2025 पासून बहुतेक नव्या कपड्यांत ही सगळी रसायनं वापरायला बंदी घातली. त्यांच्या जागी आलेले लेप पर्यावरणाला बरे, पण तेलकट मळापुढे लवकर नमतात. म्हणजे नवीन जॅकेट जुन्यापेक्षा जास्त वेळा धुवावं लागतं. ‘वॉटरप्रूफ आहे, धुतलं तर खराब होईल’ ही समजूत नेमकी उलटी आहे.

धुण्याची रीत साधी. चेना बंद करायच्या, पातळ सौम्य साबण कोमट पाण्यात थोडा घालायचा, कपडे मऊ करणारं द्रव्य अजिबात नको आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळायचं. पावडरचा अंश कापडात राहिला तर तोच पाणी ओढतो. लेबलवर परवानगी असेल तर वाळल्यावर मधे सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवावी. उष्णतेने उरलेला लेप पुन्हा कामाला लागतो. तरीही पाणी घरंगळत नसेल तर लेपाची बाटली विकत मिळते. हे सगळं करून आतून गळतंय का ते पाहायचं, तर जॅकेट आणि सॅक घालून घरच्याच शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहावं. न हलता, म्हणजे घामाचा संशय राहत नाही.

आतले कपडे हा जॅकेटचाच भाग आहे, असं मानणारे ट्रेकर कमी भिजतात असं नाही, पण कमी कुडकुडतात. सुती टी-शर्ट आणि जीन्स पाणी धरून ठेवतात. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं, आणि शरीराचं तापमान पस्तीस अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. त्याला बर्फ लागत नाही. भिजलेला, दमलेला, उपाशी माणूस कोकणकड्याच्या वाऱ्यात तासभर बसून राहिला तरी पुरे. पॉलिस्टरचा पातळ टी-शर्ट किंवा बारीक लोकरीचा थर आत असावा, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड सॅकमध्ये जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला असावा. सॅकचं कव्हर वाऱ्यात उडून जातं. पिशवी उडत नाही.

राहिला टिकाऊपणाचा खरा शत्रू. पीयूचा लेप असलेली जॅकेटं आपल्याकडे काट्यांनी फाटतात त्यापेक्षा जास्त कपाटात मरतात. ओलाव्याने आणि उष्णतेने या लेपाचे रासायनिक बंध हळूहळू तुटतात. जूनमध्ये जॅकेट बाहेर काढावं, तर आतून हाताला चिकट लागतं, आंबूस वास येतो आणि पांढरे पापुद्रे सुटलेले असतात. मुंबई-कोकणातल्या हवेत हे पुण्या-नाशिकपेक्षा लवकर होतं. ट्रेकहून आल्यावर जॅकेट छोट्याशा पिशवीत कोंबून डिकीत किंवा माळ्यावर टाकणं म्हणजे या क्रियेला हातभार लावणं. सावलीत पूर्ण वाळवावं, हँगरवर सैल टांगावं, खिशातले चिवड्याचे तुकडे झटकावेत आणि पावसाळा संपल्यावर एकदा धुऊन मगच ठेवावं. सेलमध्ये तीन वर्षं पडून राहिलेलं जॅकेट स्वस्त मिळत असेल, तर उलटं करून, नाकाशी नेऊन, मग पाकीट काढावं.

दुरुस्ती बऱ्याच गोष्टींची होते. चेनचा रनर गल्लीतला चेनवाला बदलून देतो. छोट्या भोकावर आतून-बाहेरून चिकटणारा नायलॉनचा तुकडा लावावा, कोपरे गोल कापून, म्हणजे तो कडेने सुटत नाही. सुईदोरा मात्र टाळावा; तो एका भोकाची दहा भोकं करतो. सुटलेली शिवणीची पट्टी कापडाला मानवणाऱ्या पातळ गोंदाने पुन्हा बसते. पीयूचे पापुद्रे सुटायला लागले की मात्र इलाज नाही. असं जॅकेट हिवाळ्यात पहाटे वारा अडवायला चालतं, पण आधी आतले पापुद्रे ब्रशने खरवडून काढावेत, नाहीतर ते स्वेटरला चिकटत राहतात.